चित्राखालची नावे

महाराष्ट्रात इतिहाससंशोधनाची उभारणी कागदावर झाली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. वाड्यांच्या माळ्यांवरून आणि देव्हाऱ्याखालच्या पेटाऱ्यांतून रुमालच्या रुमाल बाहेर निघाले, आणि अस्सल पत्र कोणते, नक्कल कोणती, बखर कोणती, हा भेद करण्याची शिस्त अभ्यासकांच्या अंगी बाणली. पत्र त्या दिवशीचे, बखर मागाहूनची. म्हणून जेथे दोहोंत विरोध येईल तेथे आधी पत्राचे ऐकावे, हा नियम आज इतिहासाच्या साध्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतो.

या शिस्तीचा लाभ छायाचित्राला मात्र मिळाला नाही. छायाचित्र ग्रंथाच्या आरंभी शोभेसाठी घालावयाचे, संस्थेच्या दिवाणखान्यात भिंतीवर लावावयाचे, आणि पुण्यतिथीस त्याला हार घालावयाचा, येथवरच आपला त्याच्याशी संबंध. ते पाहिल्याबरोबर पटते. आणि जे पाहिल्याबरोबर पटते त्याची उलटतपासणी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः मथळा असलेल्या प्रत्येक जुन्या छायाचित्रात दोन साधने एकत्र बांधलेली असतात. काचेवर प्रकाशाने उमटविलेले रूप हे एक; ते त्या क्षणाचे, म्हणून अस्सल पत्राच्या जातीचे. त्याखाली कोणीतरी लिहिलेली नावे, स्थळ व तिथी हे दुसरे. ते बहुधा मागाहूनचे, म्हणून बखरीच्या जातीचे. पहिले खरे बोलते पण मुके असते. दुसरे बोलके असते पण चुकू शकते. या दोहोंचा मेळ घालणे हे अभ्यासकाचे काम आहे. महाविद्यालयांच्या संग्रहातील चित्रांच्या बाबतीत हे काम आपण किती करतो, याचा विचार करण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते परक्या देशातील एका महाविद्यालयाच्या दप्तरातील आहे. परंतु त्यातील एक चेहरा आपला आहे.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी १८५० साली स्त्रियांसाठी एक वैद्यकीय महाविद्यालय निघाले. स्त्रियांना वैद्यकाची पदवी देण्यासाठी जगात ज्या अगदी आरंभीच्या संस्था स्थापन झाल्या त्यांपैकी ही एक होय. क्वेकर पंथातील काही उदार गृहस्थांचा तिला आधार होता. १८५१ च्या अखेरीस आठ स्त्रिया तेथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. १८६७ साली संस्थेने ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानिया’ हे नाव धारण केले. तिचा मार्ग सुखाचा नव्हता. १८६९ च्या नोव्हेंबरात तिच्या विद्यार्थिनी शहरातील मोठ्या रुग्णालयात प्रत्यक्ष रोगचिकित्सा पाहण्यास गेल्या, तेव्हा तेथील पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून त्यांची हुर्यो उडविली, हा प्रसंग त्या देशाच्या वैद्यकीय इतिहासात नमूद आहे. शंभरांहून अधिक वर्षे केवळ स्त्रियांचे राहिलेले हे महाविद्यालय १९७० च्या सुमारास पुरुषांनाही खुले झाले, आणि पुढे इतर संस्थांशी एक होत होत ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात विलीन झाले. संस्थेचे स्वतंत्र नाव गेले; तिचे दप्तर मात्र राहिले. पत्रे, प्रबंध, नोंदवह्या आणि छायाचित्रे असा तो संग्रह आज त्या विद्यापीठाच्या स्वाधीन असून अभ्यासकांना पाहण्यास खुला आहे.

त्या संग्रहातील एका चित्राने अलीकडे जगभर संचार केला आहे. चित्र १० ऑक्टोबर १८८५ चे. त्या दिवशी महाविद्यालयाच्या डीन रेचेल बॉडली यांच्या स्वागतसमारंभात तीन विद्यार्थिनींचे एकत्र छायाचित्र घेण्यात आले. डावीकडे लुगडे नेसलेली हिंदू तरुणी, मध्ये किमोनो घातलेली जपानी, आणि उजवीकडे दमास्कसच्या थाटाचा पोषाख व दागिने ल्यालेली सीरियन. हिंदू तरुणी म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांचे वय त्या वेळी साडेवीस वर्षांचे होते, आणि आयुष्याचे सोळा-सतरा महिने उरले होते.

आता या चित्राखालचा मथळा वाचावा. त्यात तिघींचीही नावे आहेत, गावे आहेत, देश आहेत. आणि तिघींच्याही नावामागे ‘डॉक्टर’ ही उपाधी आहे. येथेच अभ्यासकाने थांबले पाहिजे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी या तिघींपैकी एकही डॉक्टर झालेली नव्हती. आनंदीबाईंना पदवी मिळाली ती ११ मार्च १८८६ रोजी. मधली जपानी तरुणी केई ओकामी, तिला पदवी मिळाली १८८९ साली. तिसरी सबात इस्लांबुली, तिला १८९० साली. तेव्हा हा मथळा चित्राच्या दिवशीचा नसून निदान पाच वर्षांनंतरचा असावा, किंवा ज्याने तो लिहिला त्याने होऊ घातलेली गोष्ट झाली म्हणून लिहून टाकली असावी. यापैकी पहिला तर्क अधिक संभवनीय दिसतो. म्हणजे मथळा लिहिला गेला तेव्हा आनंदीबाई हयात नव्हत्या. चित्रातील मुलगी अद्यापि परीक्षेच्या चिंतेत आहे. मथळ्यातील डॉक्टरीण मरून गेली आहे. एकाच पुठ्ठ्यावर हे दोन काळ शेजारी शेजारी बसले आहेत, आणि पाहणारा त्यांना एकच समजतो.

दुसरी गोष्ट गावाची. आनंदीबाईंच्या नावापुढे जे गाव आहे ते ‘सेरानिसोर’ असे काहीतरी वाचावे लागते. हिंदुस्थानात या नावाचे गाव शोधू जाल तर सापडावयाचे नाही. ते कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर, म्हणजे इंग्रजांचे ‘सेरामपूर’, होय. लिहिणाऱ्याला हस्ताक्षर लागले नाही एवढेच. गोपाळराव जोशी पोस्टखात्यात नोकरीस असल्यामुळे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशी या दांपत्याची भ्रमंती झाली, आणि अमेरिकेस निघण्यापूर्वीचे त्यांचे शेवटचे ठाणे श्रीरामपूर होते. तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी आपण परदेशी का जात आहो याविषयी व्याख्यान दिले, आणि ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून त्यांनी प्रस्थान ठेवले. म्हणजे मथळ्यातील गाव हे जन्मगाव नव्हे, माहेर नव्हे, सासरही नव्हे. पोस्टातील एका कारकुनाच्या बदलीचे ते ठिकाण आहे. ज्या कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला त्याचा त्या पुठ्ठ्यावर मागमूस नाही. उद्या आपला इतिहास सर्वस्वी नाहीसा झाला आणि केवळ हा मथळा उरला, तर आनंदीबाई बंगाली ठरतील, आणि तसे ठरविणाऱ्यास दोष देता येणार नाही.

तिसरी गोष्ट नावाची. मथळ्यात आपल्या बाईंचे नाव ‘आनंदाबाई’ असे पडले आहे. १८८८ साली बॉस्टन येथे कॅरोलाइन डॉल या विदुषीने त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, त्याच्या मुखपृष्ठावरही हाच पाठ आहे. सीरियन तरुणीचे ‘सबात’ हे नाव मथळ्यात ‘तबात’ झाले आहे. रोमन लिपीतील वळणदार ‘एस’ आणि ‘टी’ यांची गल्लत हाताने लिहिलेल्या कागदावरून उतरून घेताना सहज होते. मोडी वाचणाऱ्या आपल्या मंडळींना अशा गल्लतीचे नवल वाटावयाचे नाही. परंतु या एका अक्षराने केवढा अनर्थ होतो पाहा. आनंदीबाईंच्या मागे पती होता, मैत्रिणी होत्या, पुण्यातील वर्तमानपत्रे होती, काशीबाई कानिटकरांसारखी चरित्रलेखिका होती, जिने १८८९ साली त्यांचे चरित्र मराठीत सिद्ध केले. त्यांचे नाव एका पुठ्ठ्यावर चुकले तरी दहा ठिकाणी ते दुरुस्त होऊ शकते. सबात इस्लांबुली पदवी घेऊन मायदेशी परतली, आणि पुढे महाविद्यालयाशी तिचा धागा जवळजवळ तुटलाच. जिची नोंदच तुटपुंजी, तिचे नावही धड उतरू नये!

येथवर मथळ्याची तपासणी झाली. आता चित्राची करू. ‘चित्र खोटे बोलत नाही’ असे म्हणण्याची रीत आहे. पण काय बोलावे हे बहुधा त्याला आधी शिकविलेले असते. त्या काळी जिलेटिनच्या कोरड्या काचा प्रचारात येऊन थोडीच वर्षे झाली होती. पूर्वीसारखे ओली काच घेऊन धावपळ करण्याचे कारण उरले नव्हते. तरी घराच्या आत उजेड बेताचा असला म्हणजे माणसांना काही क्षण निश्चल बसावे लागेच. म्हणून जुन्या चित्रांतील चेहरे गंभीर दिसतात. त्यावरून त्या पिढीच्या स्वभावाविषयी अनुमाने बांधू नयेत. दुसरे असे की, त्या वेळच्या साध्या काचांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, आणि निळा रंग वाजवीपेक्षा फार उजळ दिसे. कपाळावरचे कुंकू अशा चित्रात काळे उमटते; तांबडे लुगडे काळोखे दिसते; आभाळ कोऱ्या कागदासारखे पांढरे पडते. जुन्या तसबिरीवरून ‘काळी चंद्रकळा’ ओळखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पोषाखाची गोष्ट तर याहून विचार करण्याजोगी आहे. तिघीही आपापल्या देशाच्या पोषाखात आहेत. आनंदीबाईंनी अमेरिकेत परकीय वेष धरला नाही हे खरे. परंतु त्यांनी नेसण्याची पद्धत बदलली होती. आपले नऊवारी नेसणे त्या थंडीत पुरेसे उबदार नव्हते, आणि पायांचे घोटे उघडे राहणे तेथील रीतीस मान्य नव्हते; म्हणून त्या गुजराथी धर्तीने नेसू लागल्या व लांब हातांचे जाकीट घालू लागल्या. तेव्हा ज्या लुगड्यास पाहणारे ‘हिंदू स्त्रीचा वेष’ समजतात, ते दोन देशांच्या मर्यादा सांभाळून काढलेली एक तडजोड आहे. समारंभात तीन देशांच्या तीन पोषाखांतील विद्यार्थिनी एका ओळीत बसविण्याची कल्पना ज्याची असेल त्याला आपल्या महाविद्यालयाची कीर्ती किती दूरवर पसरली आहे हे दाखवावयाचे होते, हे उघड आहे. त्यात गैर काही नाही. पण हे चित्र त्या महाविद्यालयाच्या नित्यक्रमाचे नव्हे, हेही तितकेच उघड आहे. त्याच महाविद्यालयातून १८६७ साली रिबेका कोल या कृष्णवर्णीय स्त्रीने पदवी मिळविली होती. १८८९ साली अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ओमाहा जमातीतील सुझन ला फ्लेश हिने ती मिळविली. त्या परदेशच्या नव्हत्या म्हणून या ओळीत त्यांना जागा असण्याचा प्रश्न नव्हता. परंतु हा मान मिळविण्यासाठी त्यांनी तोडलेले अंतर काही समुद्रापेक्षा कमी नव्हते.

या चित्राची कीर्ती वाढू लागली तसा त्याला एक नवा मथळा चिकटला: ‘आपापल्या देशांतील पहिल्या तीन स्त्री डॉक्टर.’ हा मथळा कोणा एकाने लिहिलेला नाही. तो तोंडोतोंडी तयार झाला, आणि म्हणून अधिक बळकट आहे. पण ‘पहिली’ हा शब्द इतिहासात फार जपून वापरावा लागतो. पाश्चात्य वैद्यकाची परदेशी पदवी घेणारी पहिली हिंदी स्त्री म्हणून आनंदीबाईंचा मान निर्विवाद आहे. परंतु त्याच १८८६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून कादंबिनी गांगुली उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी पुढे कित्येक वर्षे प्रत्यक्ष रोग्यांवर उपचार केले. जपानात ओगिनो गिन्को हिने १८८५ मध्येच सरकारी परीक्षा देऊन वैद्यकीचा परवाना मिळविला होता. ओकामीचे श्रेष्ठत्व पाश्चात्य महाविद्यालयाची पदवी घेण्यात आहे. या बारकाव्याने कोणाचा मोठेपणा उणावत नाही. उणावतो तो आपला आळस, ज्याला एका चित्रात सगळा इतिहास बसवून मोकळे व्हावयाचे असते. आनंदीबाईंचे चित्र आज शाळेतल्या मुलांना ओळखता येते. परंतु त्याच महाविद्यालयातून १८९२ साली पदवी घेऊन, मुंबईस परत येऊन, अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने वर्षानुवर्षे रोग्यांची सेवा करणाऱ्या डॉ. गुरुबाई करमरकर यांचे नाव किती जणांनी ऐकले असेल? ज्याचे चित्र गाजले त्याचा इतिहास झाला. ज्याने काम केले त्याची नोंद राहिली.

मग चित्र टाकून द्यावे काय? मुळीच नाही. हे चित्र मोलाचे आहे ते त्याच दप्तरात त्याच्या शेजारी कागद आहेत म्हणून. आनंदीबाईंनी २८ जून १८८३ रोजी महाविद्यालयाच्या चालकांपैकी आल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेले प्रवेशाचे पत्र तेथे जपून ठेवलेले आहे. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरे साहाय्य देण्यासाठी आपण स्वकीयांचा व जातीचा विरोध सोसून आलो आहोत, ही त्या अठरा वर्षांच्या मुलीची भाषा वाचल्यावर चित्रातील चेहरा निराळा दिसू लागतो. ती कोणी नुमाइशीत मांडलेली परदेशी मुलगी राहत नाही. ज्या कामासाठी आलो ते मोजून मापून सांगणारी विद्यार्थिनी होते. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून तिचा हा निश्चय उपजला, हे चरित्रावरून कळते. पदवीसाठी तिने लिहिलेला प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. पत्र, प्रबंध, नोंदवही व चित्र ही चारही साधने एका ठिकाणी असली म्हणजे एकाची चूक दुसरे सुधारते.

हे आपोआप घडले नाही. रेचेल बॉडली या मूळच्या रसायनशास्त्राच्या अध्यापिका. १८७४ पासून १८८८ साली मृत्यू येईपर्यंत त्या महाविद्यालयाच्या डीन होत्या. आपल्या संस्थेतून बाहेर पडलेल्या स्त्रिया कोठे आहेत, काय करीत आहेत, त्यांचा धंदा कसा चालतो, याची प्रश्नावली पाठवून त्यांनी उत्तरे मिळविली आणि १८८१ साली तो वृत्तान्त जाहीर केला. शिकलेल्या स्त्रियांचे पुढे काय होते असा कुत्सित प्रश्न विचारणाऱ्यांना दिलेले ते उत्तर होते. पण त्यातूनच नोंद ठेवण्याची सवय संस्थेला लागली. पंडिता रमाबाईंच्या १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथाला बॉडली यांनीच प्रस्तावना लिहिली, आणि तीत आपल्या या विद्यार्थिनीच्या मृत्यूची हकीकत नमूद करून ठेविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाचे काम आनंदीबाईंना मिळाले होते. ते हाती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी त्यांच्या अमेरिकन मावशी, कार्पेंटरबाई, यांच्याकडे पाठविण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील स्मशानभूमीत त्यांवर शिला उभी राहिली. जेथे देह पडला तेथे नव्हे, जेथे नोंद ठेवणारे होते तेथे स्मारक झाले. यात आपल्याला शिकण्यासारखे काही आहे.

त्या दप्तराची स्तुती करताना त्यातील अंधारी बाजू दृष्टिआड करून चालणार नाही. त्या काळी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत शवविच्छेदनाच्या टेबलाभोवती उभे राहून चित्र काढून घेण्याची एक रीतच पडली होती, आणि स्त्रियांच्या या महाविद्यालयाच्या संग्रहातही तशी चित्रे आहेत. पुरुषांनी ज्या दालनाची दारे आपल्यासाठी बंद ठेविली त्यात आपण उभ्या आहो, हा त्या विद्यार्थिनींचा अभिमान त्यांत दिसतो, आणि तो रास्तच आहे. परंतु टेबलावर जो निजलेला आहे तो कोण? फिलाडेल्फियातील लेबनन स्मशानभूमीत कृष्णवर्णीय लोकांना पुरीत असत. तेथून प्रेते चोरून शहरातील एका दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयास पुरविली जात असल्याचे डिसेंबर १८८२ मध्ये उघडकीस आले आणि मोठा गहजब झाला. त्यानंतर १८८३ साली पेनसिल्व्हानियात कायदा होऊन बेवारस प्रेते वैद्यकीय महाविद्यालयांना वाटून देण्याची पद्धत राज्यभर ठरली. चोरी थांबली, पण टेबलावर येणारा देह गरिबाचाच राहिला. आनंदीबाई त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथे शिकू लागल्या. या चित्रांत उभ्या असलेल्यांची नावे थोड्याबहुत श्रमाने शोधता येतात. निजलेल्याचे नाव कोणी लिहिले नाही, आणि आता ते कोणालाही शोधता यावयाचे नाही. ज्याच्या देहावर सर्वांचे ज्ञान उभे राहिले त्याचीच ओळख चित्राखाली नसावी, हे प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या संग्रहाकडे पाहताना मनात बाळगण्याजोगे आहे.

आता आपल्या घरी येऊ. छायाचित्रणाची कला आपल्याकडे उशिरा आली असे कोणी म्हणू नये. दागेरची कृती पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि १८५५ च्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये विद्यार्थ्यांना ही कला शिकविण्याचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी या कलेत नाव मिळविले. हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत तिचा व्यवसाय केला. म्हणजे फिलाडेल्फियाच्या त्या चित्राच्या तीस वर्षे आधी महाराष्ट्रातील एका विद्यालयात मुले काचेवर चित्र उमटवावयास शिकत होती. कला होती, हौस होती. नव्हती ती चित्रामागे चार ओळी लिहिण्याची सवय.

आपल्या कोणत्याही जुन्या महाविद्यालयात जावे. वर्षानुवर्षांची समूहचित्रे भिंतीवर किंवा कपाटात आढळतात. पद्धत ठरलेली: मध्ये खुर्चीवर प्राचार्य, दोहो बाजूंस अध्यापक, मागे विद्यार्थ्यांच्या दोन-तीन रांगा, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेले. मागे तिथी नसली तरी डोक्याकडे पाहून काळाचा अदमास बांधता येतो. आरंभी पगड्या, पागोटी व रुमाल. मग काळ्या टोप्या. १९२० नंतर त्यांत मिसळलेल्या पांढऱ्या गांधी टोप्या. आणि अखेरीस बोडकी डोकी. एका टोकाला दोन-चार विद्यार्थिनी दिसू लागतात, त्याही पुढे येतात. पण हा अदमास झाला; ही ओळख नव्हे. प्राचार्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते, कारण ते इमारतीवर कोरलेले असते. मागील रांगेतील डावीकडून चौथा कोण, त्या दोन मुलींपैकी उजवीकडची कोणाची कोण, हे विचारावयास आता फार थोडी माणसे उरली आहेत. आणि अगदी कडेला, रांगेत धड बसलेला नाही व बाहेरही गेलेला नाही असा, पट्टा बांधलेला शिपाई उभा असतो. तो बहुधा प्राचार्यांपेक्षा अधिक वर्षे त्या संस्थेत राबलेला असतो. त्याचे नाव कधीच लिहिलेले नसते. फिलाडेल्फियातील टेबलावरचा देह आणि आपल्या चित्राच्या कडेचा हा शिपाई यांच्यात अंतर मोठे आहे; तरी ज्यांचे नाव लिहिण्याचे कोणाच्या मनात आले नाही त्यांच्या एकाच यादीत ते दोघे बसतात.

संग्रहाचा नाश करणारी कारणे आपल्याकडे काही कमी नाहीत. पावसाळ्यातील दमट हवा, कसर, वाळवी, आणि दर दहा वर्षांनी होणारी ‘साफसफाई’, ही नित्याची. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या पेठांतील घरोघरच्या तसबिरी आणि कागद चिखलात गेले. संस्थाही मरतात. १९३४ साली सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागून झगडा केला म्हणून १९३९ साली ते संशोधनसंस्थेच्या रूपाने पुन्हा उघडले. संस्थेची आठवण तिच्या भिंतींपेक्षा तिच्या विद्यार्थ्यांपाशी अधिक असते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. पण विद्यार्थी हे मर्त्य आहेत. आणि चित्र उरूनही ओळखणारा गेला म्हणजे ते चित्र नष्ट झाल्यातच जमा आहे. पूर आला तर निदान हानी दिसते. ही हानी भिंतीवर टांगलेली असूनही दिसत नाही.

उपाय खर्चाचा नाही. आज चित्रांच्या प्रतिकृती यंत्राने क्षणात काढता येतात, आणि पुष्कळ संस्था त्या काढून समाधान मानतात. हजार चित्रांच्या प्रतिकृती केल्या पण नावे जुळविली नाहीत, तर एका अंधाऱ्या कपाटाऐवजी दोन झाली, एवढेच. आधी वृद्ध माजी विद्यार्थ्यांना, निवृत्त अध्यापकांना आणि निवृत्त शिपायांना बोलावून चित्रे त्यांच्यापुढे ठेवावीत. ते जे सांगतील ते मूळ मथळ्यावर खोडाखोड न करता निराळ्या कागदावर लिहावे. सांगणारा कोण, केव्हा सांगितले, हेही लिहावे. आणि जेथे दोन माणसे दोन नावे सांगतील तेथे दोन्ही ठेवावीत. मूळ मथळा चुकीचा असला तरी फाडू नये. ‘सेरानिसोर’ हे अपपाठही आपल्याला काही शिकवून गेले. चित्राच्या मागे लिहिणे भागच पडले तर शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, कडेस लिहावे. शाई पुढे फुटते. प्रवेशपुस्तके, वार्षिक अहवाल, वसतिगृहाच्या नोंदवह्या ही चित्रांपासून दूर करू नयेत, कारण चित्राला वाचा फुटते ती त्यांच्याच शेजारात.

जुन्या चित्रांसाठी येवढे केले म्हणजे झाले असे मात्र नाही. दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास आपल्या महाविद्यालयांत नवे समूहचित्र निघते. खुर्च्या मांडल्या जातात, रांगा लागतात, काम दहा मिनिटांत संपते आणि मंडळी पांगतात. पांगण्यापूर्वी कोणीतरी वही घेऊन डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे पूर्ण नाव व गाव त्याच्याच हाताने लिहवून घ्यावे. खुर्च्या मांडणाऱ्या शिपायालाही रांगेत उभे करावे, आणि वहीत त्याचे नाव लिहून घ्यावे.